रायफलचा धक्का आणि नळीच्या तोंडावरची दोन उपकरणे : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसणारे, वायूला बाजूला वळवणारे उपकरण) लावला की रायफलचा धक्का निम्म्यावर येतो, सप्रेसरने (आवाज दाबणाऱ्या नळकांड्याने, म्हणजेच सायलेन्सरने) तो तिसऱ्या हिश्श्याने घटतो, अशी विधाने नेमबाजांच्या बोलण्यात इतक्या सहजपणे येतात की निम्मा म्हणजे नेमका कशाचा निम्मा, हे विचारायचे राहूनच जाते. गेल्या आठवड्यात आमच्या गटातील एका ज्येष्ठ नेमबाजांनी मला सरळच विचारले, "माझा खांदा आता पूर्वीसारखी साथ देत नाही. या दोहोंपैकी काय लावले तर बरे, ते तुम्ही हिशेब करून सांगाल का?" मी होकार दिला. घरी येऊन वही उघडली तेव्हा जाणवले की ही उपकरणे धक्का कमी करतात एवढेच मला ठाऊक होते. ती कोणत्या क्षणी, कोणत्या मार्गाने आणि कुठल्या मर्यादेपर्यंत तो कमी करतात, हे मला चार वाक्यांतही मांडता येत नव्हते. त्यांना नीट उत्तर देता यावे म्हणून या नोंदी सुरू करीत आहे.

कामाची हद्द आधीच आखून घेतो. उपकरण कसे तयार करतात हा येथे विषय नाही; रायफलवर कोणते बल कधी आणि किती येते, एवढाच विषय आहे. हिशेबासाठी एक संदर्भ-रायफल ठरवली आहे: ७.६२ × ५१ मिलिमीटरचे काडतूस, ९.५ ग्रॅमची गोळी, नळीच्या तोंडाशी तिचा वेग सेकंदाला ८४० मीटर, काडतुसात ३ ग्रॅम दारू, गोळीचा नळीतील प्रवास ५५ सेंटिमीटर आणि दुर्बिणीसह रायफलचे वजन ४ किलो. खऱ्या रायफली या आकड्यांच्या थोड्या अलीकडे-पलीकडे असतात, पण सर्व तुलना एकाच पायावर व्हायला हवी.

९ जानेवारी

धक्क्याचा हिशेब हा संवेगाचा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग याचा, जमाखर्च आहे. जितका संवेग पुढे जातो, तितकाच रायफलला मागे मिळतो, आणि या नियमातून कोणतेही उपकरण सुटू शकत नाही. गोळीचा संवेग काढणे सोपे आहे: ९.५ ग्रॅम गुणिले ८४० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ७.९८ न्यूटन-सेकंद. पुष्कळ जण येथेच थांबतात आणि तेथेच चुकतात, कारण दारू जळून गेली तरी तिचे वस्तुमान कुठेही जात नाही. त्या ३ ग्रॅम दारूचा ३ ग्रॅम तप्त वायू होतो आणि तोही नळीतून पुढेच फेकला जातो.

हा वायू गोळीपेक्षा वेगाने जातो. गोळी नळीत असेपर्यंत तो तिच्या मागे अडकलेला असतो, पण गोळी बाहेर पडताच वातावरणाच्या कित्येक शंभर पट दाबाखाली असलेला हा वायू मोकळा होतो, फुगतो आणि क्षणभर गोळीलाही मागे टाकतो. शक्तिशाली रायफलींसाठीच्या रूढ सूत्रात वायूचा परिणामी वेग गोळीच्या वेगाच्या १.७५ पट धरतात. तो गुणक स्वीकारला तर वायूचा वेग सेकंदाला १४७० मीटर आणि त्याचा संवेग ४.४१ न्यूटन-सेकंद येतो. दोन्हींची बेरीज १२.३९ होते. ४ किलोची रायफल त्यामुळे सेकंदाला ३.१० मीटर वेगाने मागे येते आणि तिच्यात १९.२ ज्यूल ऊर्जा असते.

वहीत मी ४.४१ या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढले आहे. एकूण धक्क्याचा तो ३६ टक्के भाग आहे, आणि तो भाग ज्याच्यामुळे निर्माण होतो त्याचे वजन गोळीच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे.

१० जानेवारी

टक्केवारीच्या गोंधळाचे एक मूळ आज सापडले. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे संवेग २५ टक्क्यांनी घटला की ऊर्जा ४४ टक्क्यांनी घटते. एकच उपकरण, एकच रायफल, आणि तरीही "पाव भाग कमी" व "जवळजवळ निम्मा कमी" ही दोन्ही विधाने खरी! यापुढे तक्त्यातील प्रत्येक ओळीत दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहीन.

१४ जानेवारी

आज हिशेब वेळेच्या अंगाने मांडला, आणि मला वाटते की या विषयातील बराचसा गैरसमज याच ठिकाणी दूर होतो.

गोळी नळीतून बाहेर पडायला साधारण १.२ मिलिसेकंद घेते. तेवढ्या वेळात रायफल किती मागे सरकते, हे दोघांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तरावरून काढता येते: गोळीचे ९.५ ग्रॅम आणि तिच्यामागे सरासरी अर्ध्या वेगाने धावणाऱ्या वायूचे परिणामी १.५ ग्रॅम असे ११ ग्रॅम ५५ सेंटिमीटर पुढे जातात, तेव्हा ४ किलोची रायफल अवघी दीड मिलिमीटर मागे येते. दीड मिलिमीटर म्हणजे नेमबाजाच्या अंगावरच्या कापडाची जाडी. दस्ता खांद्याला टेकलेला असला, तरी खांदा दबायला जेमतेम सुरुवात होते तोवर गोळी निघून गेलेली असते.

नळीच्या तोंडावरच्या उपकरणाचे काम या क्षणी सुरू होते. गोळी नळीत असेपर्यंत ब्रेकच्या छिद्रांमधून किंवा सप्रेसरच्या कप्प्यांमधून वायूचे बळ वाहतच नसते, त्यामुळे गोळीला वेग देताना रायफलला मिळालेला मागचा रेटा कमी करण्याचा कोणताही मार्ग त्यांच्यापाशी नसतो. ७.९८ न्यूटन-सेकंदांचा हा भाग अटळ आहे. उपकरणाच्या हाती उरतो तो फक्त वायू, आणि तोही गोळी गेल्यानंतरच्या दोन-तीन मिलिसेकंदांत, म्हणजे नळी रिकामी होईपर्यंत.

तरीही तो उशीर झालेला असत नाही. दीड मिलिमीटर सरकलेली रायफल तेव्हा वेगाने मागे निघालेली असते, पण खांद्याने ती अडवायला अजून पंधरा-वीस मिलिसेकंद लागणार असतात. तेवढ्या अवधीत उपकरण तिला पुढच्या दिशेने खेचू शकते. खांद्यापर्यंत पोहोचते ती या साऱ्या देवाणघेवाणीनंतरची शिल्लक.

१६ जानेवारी

तक्त्यात चूक केली होती, ती येथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ती दुरुस्त करताना ब्रेकचे काम मला खऱ्या अर्थाने उमगले.

गोळी तोंडाशी पोहोचते तेव्हा वायूचा मागचा थर बुडाशी जवळजवळ स्थिर आणि पुढचा थर गोळीइतक्या वेगात असतो, म्हणून त्याचा सरासरी वेग सेकंदाला ४२० मीटर आणि संवेग १.२६ न्यूटन-सेकंद धरता येतो. उरलेला ३.१५ चा भाग वायू मोकळा झाल्यावर निर्माण होतो. मी असे गृहीत धरले होते की सगळा वायू काटकोनात बाजूला वळवला तर हे ३.१५ वाचतील आणि रायफलच्या वाट्याला ९.२४ उरतील. पण बाजूला गेलेल्या वायूचा पुढच्या दिशेचा संवेग शून्य असतो, म्हणजे नळीत मिळवलेले १.२६ सुद्धा त्याला वळताना सोडून द्यावे लागतात. ते तो सोडतो कोणापाशी? ब्रेकच्या भिंतीपाशी. वायू भिंतीवर आदळतो, भिंत पुढे ढकलली जाते, आणि भिंत नळीला जोडलेली असल्यामुळे रायफल पुढे ओढली जाते. म्हणून सर्व वायू काटकोनात वळवता आला असता तर रायफलच्या वाट्याला नेमका गोळीचा संवेग, ७.९८, उरला असता.

बाजूची छिद्रे मागचा जोर "सोडून देतात" असे मी आजवर समजत होतो. छिद्रे वाट करून देतात, पण काम करते ती छिद्रापुढची उभी भिंत.

२० जानेवारी

कागदावर पटलेली गोष्ट हाताने करून पाहावी म्हणून टेबलावर हवेच्या झोताचा प्रयोग मांडला. कॉम्प्रेसरच्या नळीच्या टोकाला २ मिलिमीटर भोकाचे तोंड लावून ते डिजिटल वजनकाट्यावर उभे बसवले, जेणेकरून झोत वर जाईल आणि त्याचा उलटा रेटा काट्यावर खाली येईल. दाब ५ बार ठेवला.

दिवस वाया गेला. प्रत्येक वेळी वाचन वेगळे येत होते आणि दोन तास मी गळती शोधत बसलो. शेवटी तोंडाला बूच लावून, झोत पूर्ण बंद ठेवून, नुसता दाब सोडला, तर काटा त्या स्थितीतही ४० ग्रॅम दाखवू लागला. हवा भरली की रबरी नळी ताठ होते, सरळ व्हायला बघते आणि काट्याला वरून दाबते. मी झोताऐवजी नळीचा हट्ट मोजत होतो.

२१ जानेवारी

रबरी नळी आज काट्याच्या पातळीतच आडवी, मोठ्या वळशाने आणली आणि दाब भरलेला असताना, बूच लावून, काटा शून्यावर घेतला. त्यानंतर वाचने स्थिरावली.

मोकळ्या झोताचा रेटा सुमारे २०० ग्रॅम भरला. नंतर तोंडासमोर चार बारीक पायांवर एक सपाट चकती पक्की केली, जेणेकरून झोत तिच्यावर आदळून चहूकडे पसरेल. काटा जवळजवळ शून्यावर आला. चकती काढून तिच्या जागी उपडी वाटीसारखी खोलगट चकती लावली, म्हणजे झोत काटकोनापेक्षा अधिक वळून मागे फिरेल, तेव्हा काटा उणे ९० ग्रॅम दाखवू लागला. हवा बाहेर जात होती आणि तोंड काट्यावरून वर उचलले जात होते. गणित पाठ असूनही ते दृश्य डोळ्यांनी पाहताना मी थक्क झालो.

यानंतरची दोन वाचने मला अधिक महत्त्वाची वाटतात. सपाट चकतीच्या मधोमध तोंडाएवढेच भोक पाडले, कारण खऱ्या ब्रेकमधून गोळीला वाट द्यावीच लागते. त्याबरोबर रेटा १३० ग्रॅमपर्यंत परत चढला, कारण झोताचा गाभा भोकातून सरळ निघून जात होता आणि कडेचाच भाग वळत होता. नंतर तशीच दुसरी अखंड सपाट चकती तोंडाला न जोडता वेगळ्या स्टँडवर, त्याच अंतरावर धरली. काटा २०० वरच राहिला. झोत तसाच वळत होता, आवाजही तोच होता, पण भिंत रायफलला जोडलेली नसेल तर तिचा रायफलला काहीही उपयोग नाही. ब्रेक नळीवर ज्या आट्यांनी बसतो, त्या आट्यांवर प्रत्येक गोळीगणिक किती ओढ येत असेल, याची कल्पना या एका वाचनावरून येते.

शेवटी चकतीऐवजी पुढे रुंद भोक असलेली एक पोकळ डबी बसवली. आत झोत फुटून घोळत होता आणि रुंद भोकातून संथपणे बाहेर येत होता. वाचन ४५ ग्रॅम. हवा पुढच्याच दिशेने जात होती, प्रतिसेकंद तेवढीच जात होती, तरी रेटा चौथ्या हिश्श्याहून खाली आला होता. सप्रेसरच्या हिशेबाला याच वाचनापासून सुरुवात करीन. हा झोत सतत वाहणारा आणि थंड आहे, रायफलमधला क्षणिक आणि तप्त असतो, तेव्हा यातील आकडे तक्त्यात न्यायचे नाहीत. केवळ दिशा आणि कारण न्यायचे.

२७ जानेवारी

ब्रेकची ओळ पूर्ण केली. समजा, ७० टक्के वायू काटकोनात वळला आणि ३० टक्के गोळीच्या मागोमाग भोकातून सरळ गेला. वायूचा पुढचा संवेग १.३२ उरतो, एकूण ९.३०, रायफलचा वेग सेकंदाला २.३३ मीटर, ऊर्जा १०.८ ज्यूल. संवेग २५ टक्क्यांनी घटला, ऊर्जा ४४ टक्क्यांनी. तेवढाच वायू काटकोनाच्याही पलीकडे आणखी ३० अंश मागे वळवला आणि वळताना त्याचा वेग मुळीच घटला नाही असे मानले, तर एकूण ७.७६ आणि ऊर्जा ७.५ ज्यूल येते, म्हणजे ऊर्जेत ६१ टक्के घट. प्रत्यक्षात वळताना वेग घटतोच, म्हणून या मांडणीत ही वरची मर्यादा समजावी.

संदर्भ-रायफलच्या बाबतीत ब्रेकने ऊर्जेत ८० टक्के घट होते असे कोणी सांगितले, तर त्या दाव्यासाठी वायूचा किती भाग कुठल्या कोनात जावा लागेल हे आता काढता येते. एकूण संवेग ५.५४ वर आणावा लागेल, म्हणजे वायूला २.४४ न्यूटन-सेकंद इतका उलटा संवेग द्यावा लागेल. त्यासाठी निम्म्याहून अधिक वायू सरळ नेमबाजाच्या तोंडाकडे, पूर्ण वेगाने, परत फेकावा लागेल आणि उरलेला एक कणही पुढे जाता कामा नये. असा ब्रेक कोणालाही वापरवणार नाही.

२ फेब्रुवारी

सूत्राकडे पुन्हा पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. वायूचा वेग गोळीच्या वेगाच्या पटीत धरला, की धक्क्यातील वायूचा हिस्सा काढताना वेग वरखाली छेदून जातो आणि उरते ते केवळ दारूच्या व गोळीच्या वजनांचे गुणोत्तर. म्हणून एखाद्या रायफलवर ब्रेकचा किती उपयोग होईल याचा पहिला अंदाज काडतुसाचे दोन आकडे पाहूनच बांधता येतो.

७.६२ × ५१ साठी वायूचा हिस्सा ३६ टक्के आला होता. १२.७ × ९९ मिलिमीटरच्या जड काडतुसात साधारण ४२.८ ग्रॅमची गोळी आणि १५.२ ग्रॅम दारू असते. तेथे तो ३८ टक्के येतो. ५.५६ × ४५ मध्ये ४ ग्रॅमच्या गोळीमागे सुमारे १.७ ग्रॅम दारू असल्यामुळे हिस्सा ४३ टक्क्यांपर्यंत चढतो. ५.४५ × ३९ चेही तसेच आहे, आणि १९७४ मध्ये स्वीकारलेल्या एके-७४ च्या नळीवर तो ठसठशीत ब्रेक का बसवला गेला आणि तो इतका परिणामकारक का ठरला, हे या गुणोत्तरावरून ध्यानात येते: गोळी हलकी, दारू तिच्या मानाने भरपूर, आणि त्यामुळे वळवण्याजोगे पुष्कळ काही हाती. याउलट पॉइंट टू-टू लाँग रायफलच्या काडतुसात दारू चिमूटभर असते, वायूचा हिस्सा दहा टक्क्यांच्या आत राहतो आणि लांब नळीत त्याचा दाबही बहुतेक संपलेला असतो. तिच्यावर ब्रेक लावून धक्क्यात काही मिळवण्यासारखे उरत नाही.

हिस्सा आणि प्रत्यक्ष परिमाण या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र विसरता येत नाही. १२.७ मिलिमीटरमध्ये टक्केवारी मध्यम असली, तरी वायूचा संवेग सुमारे २४ न्यूटन-सेकंद होतो, म्हणजे माझ्या संदर्भ-रायफलच्या संपूर्ण धक्क्याच्या जवळजवळ दुप्पट. बॅरेट एम-८२ च्या नळीवरचा बाणाच्या फाळासारखा, दोन कप्प्यांचा मोठा ब्रेक त्यासाठी आहे. त्याच्याशिवाय ती रायफल खांद्यावर घेऊन वापरणे कठीण गेले असते.

९ फेब्रुवारी

आज सप्रेसर. हिरम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९ मध्ये आपल्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले, त्यात वायूला आत भोवऱ्यासारखे फिरवत ठेवून त्याचा बाहेर पडण्याचा वेग कमी करण्याची कल्पना होती. मशीनगनचे जनक हिरम मॅक्झिम यांचे ते पुत्र. वडिलांनी धक्क्याच्याच जोरावर बंदूक आपोआप चालवून दाखवली होती, आणि मुलाने नळीतून बाहेर येणाऱ्या वायूला आवरणारे उपकरण घडवले, याचे मला फार अप्रूप वाटते.

ब्रेक वायूची दिशा बदलतो, सप्रेसर त्याची घाई कमी करतो. वायू एकामागून एक कप्प्यांत शिरतो, फुगतो, आडभिंतींवर आदळतो, धातूला उष्णता देतो आणि थंडावून मंदगतीने बाहेर येतो. पहिल्या आडभिंतीवर आदळतानाच तो रायफलला पुढे ओढतो. शेवटी पुढच्या तोंडातून निघताना थोडे मागे ढकलतो. बाहेर पडतानाचा परिणामी वेग सेकंदाला ६०० मीटर मानला, तर वायूचा संवेग ४.४१ ऐवजी १.८० उरतो आणि एकूण ९.७८. हे ६०० माझे गृहीतक आहे आणि तक्त्यात त्यावर तशी खूण केली आहे.

सप्रेसरचे आणखी एक देणे म्हणजे त्याचे वजन. अर्धा किलो धरले, तर ४.५ किलोची रायफल सेकंदाला २.१७ मीटर वेगाने मागे येते आणि ऊर्जा १०.६ ज्यूल भरते. मूळच्या १९.२ शी तुलना केली तर ४५ टक्के घट. यातले वजनाचे श्रेय किती, हे वेगळे काढण्यासाठी अर्धा किलोचे नुसते शिसे रायफलला बांधले असे समजून हिशेब केला: ऊर्जा १७.१ ज्यूल, म्हणजे ११ टक्के घट. वजन न धरता केवळ वायू मंदावला असे मानले तर १२.० ज्यूल, म्हणजे ३८ टक्के घट. दोन्ही वाटा मिळून सप्रेसरची ओळ ब्रेकच्या ओळीच्या अगदी शेजारी येऊन बसते. मला ही अपेक्षा नव्हती. ब्रेक हा धक्क्यासाठी आणि सप्रेसर आवाजासाठी, अशी माझ्या मनातील वाटणी होती.

सप्रेसरमुळे धक्का लांबतो आणि म्हणून मऊ लागतो, असेही नेहमी म्हटले जाते. वायूचा रेटा थोड्या अधिक वेळात वाटला जातो, हे खरे आहे. पण खांद्याने रायफल थांबवायला लागणाऱ्या वीसेक मिलिसेकंदांपुढे तो फरक लहान आहे. धक्का मऊ वाटण्याचे मोठे कारण माझ्या मते कानात आहे. धडाका आणि झटका मेंदूला एकत्रच मिळतात, आणि धडाका बारीक झाला की झटकाही बारीक भासतो.

१० फेब्रुवारी

नळीच्या उसळीचा हिशेब. नळीची रेषा खांद्याच्या आधारबिंदूच्या वर असल्यामुळे धक्का रायफलला वरही फिरवतो. ब्रेकच्या वरच्या बाजूच्या छिद्रांतून वर गेलेला वायू नळीला खाली दाबतो. १९२८ च्या थॉम्पसन सबमशीनगनवरील कट्स कॉम्पेन्सेटर याच तत्त्वाचा होता. सप्रेसर निव्वळ आपल्या जागेमुळे काम करतो. १.१ मीटर लांबीची ४ किलोची रायफल सरळ दांड्यासारखी मानून, गुरुत्वमध्यापासून ६५ सेंटिमीटर पुढे अर्धा किलो ठेवला, तर फिरण्याला होणारा विरोध ४७ टक्क्यांनी वाढतो. वजन साडेबारा टक्क्यांनी वाढवून फिरण्यातला जडपणा जवळजवळ दीडपट!

१५ फेब्रुवारी

आतापर्यंतचा सगळा हिशेब हाताने बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) ओढून भरायच्या रायफलीचा आहे. वायूवर चालणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलीत सप्रेसर लावला की नळीतील दाब उतरायला अधिक वेळ लागतो, यंत्रणेकडे जास्त वायू जातो आणि बोल्ट नेहमीपेक्षा जोरात मागे येऊन आदळतो. एकूण संवेग घटलेला असूनही नेमबाजाला दोन टप्प्यांत झटका जाणवतो: आधी मवाळ रेटा, मग बोल्टची ठोकर. यावर उपाय म्हणून काही रायफलींना वायूचे प्रमाण कमी-जास्त करण्याची सोय असते. ब्रेकमुळे हा त्रास सहसा होत नाही, कारण तो वायू अडवून धरत नाही.

२१ फेब्रुवारी

आज त्या ज्येष्ठ नेमबाजांना भेटून तक्ता दाखवला. दस्ता खांद्यात ३० मिलिमीटर रुतून थांबतो असे धरले, तर संदर्भ-रायफलचे सरासरी बल ६४० न्यूटन येते आणि ब्रेक लावल्यावर ३६० न्यूटन, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी दोन्ही आकडे किलोत मागितले. पासष्ट आणि सदतीस, असे सांगताच त्यांनी नकळत खांदा चोळला.

मग कानांचा विषय काढला. ब्रेक जो वायू बाजूला आणि मागे वळवतो, त्याच्याबरोबर धडाकाही वळतो. रायफलचा धडाका मुळातच १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि अशा क्षणिक आवाजासाठी १४० ही धोक्याची रेषा मानली जाते. ब्रेक नेमबाजाच्या आणि त्याहूनही शेजारच्या माणसाच्या कानाशी त्यात ५ ते १० डेसिबलची भर घालू शकतो. १० डेसिबल म्हणजे ध्वनीचा दाब तिप्पटीहून अधिक. सप्रेसर उलट २० ते ३० डेसिबल किंवा त्याहून थोडे अधिक कमी करतो, पण ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा हवेतला कडाका त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, त्यामुळे कानांचे संरक्षण त्याच्याबरोबरही लागतेच. शेजारच्या माणसाचा उल्लेख मी दोनदा केला, कारण धक्का ज्याचा वाचतो आणि कान ज्याचा जातो, ती माणसे एकच असतील असे नाही.

त्यांनी तक्ता शांतपणे वाचला आणि विचारले, "ही चार किलोची रायफल कोणाची?" त्यांची रायफल दुर्बीण, दुपाय आणि पट्ट्यासह काट्यावर ठेवली तेव्हा ५.२ किलो भरली. तेथेच बसून तिन्ही ओळी नव्याने मांडल्या. उपकरणाशिवाय १४.८ ज्यूल, ब्रेकसह ८.३, सप्रेसरसह ८.४. वजनाने एकट्यानेच संदर्भ-रायफलच्या तुलनेत २३ टक्के वाचवले होते, आणि शेवटच्या दोन ओळींमधील फरक माझ्या गृहीतकांच्या अचूकतेपेक्षा कितीतरी लहान होता.

"मग खांद्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच," ते म्हणाले, "आणि माझ्या डाव्या हाताला नेहमी माझा नातू उभा असतो." सप्रेसरवर अनेक देशांत कायद्याची कडक बंधने आहेत, तेव्हा त्यासाठी आधी परवान्याचे नियम नीट पाहावे लागतील, हे मी त्यांना सांगितले. तोपर्यंत त्यांनी ब्रेक लावायचा नाही असे ठरवले आणि दस्त्याच्या पोकळीत अर्धा किलो वजन बसवले तर किती फरक पडेल, ते काढून द्यायला सांगितले. ५.७ किलोला १३.५ ज्यूल. ही चौथी ओळ तक्त्यात त्यांच्याच हाताने लिहिलेली आहे.